शेरा समासात हवा



वह्या तपासताना आपण सगळेच एक नियम पाळतो. तो कुठल्या परिपत्रकात लिहिलेला नाही, तरी पाळतो. मुलाने निळ्या शाईत लिहिलेलं असतं, आपण लाल शाईत लिहितो. आपला शेरा समासात किंवा पानाच्या तळाशी असतो आणि त्याखाली सही असते. मुलाचं वाक्य कितीही चुकलेलं असलं, तरी आपण त्याच्याच शाईत, त्याच्यासारखंच अक्षर काढून ते बदलत नाही. घरी ती वही उघडणाऱ्या आईला कळायला हवं, की यातलं माझ्या मुलाचं कोणतं आणि बाईंचं कोणतं.

आज लिहायचंय इंटरनेटबद्दल, पण सुरुवात वहीपासून केली. कारण इंटरनेटवर हा साधा नियम मोठमोठ्या कंपन्यांनी मोडला आहे, आणि तोही ग्राहकाचं भलं करायच्या नावाने. आठवी-नववीच्या मुलांना आपण पासवर्ड, ओटीपी, अनोळखी माणसं याबद्दल भरपूर सांगतो. पण "समोरच्या पानावरचं हे वाक्य नेमकं कोणी लिहिलंय?" हा प्रश्न विचारायला क्वचितच शिकवतो. तो का शिकवायला हवा, तेवढंच आज सांगते.

गूगलच्या कोऱ्या पानावर

गोष्ट कॅनडातली आहे, डिसेंबर २००७ मधली. तिथे रॉजर्स ही मोठी कंपनी घरोघरी इंटरनेट पुरवते. ग्राहकाने महिन्याला किती डेटा वापरायचा, याची मर्यादा ठरलेली होती. एका ग्राहकाने नेहमीप्रमाणे गूगल उघडलं. तेव्हाचं गूगलचं पान आठवतंय ना? पांढरंशुभ्र, मधोमध नाव, त्याखाली शोधायची चौकट आणि बाकी सगळं कोरं. त्या पानाच्या वरच्या बाजूला त्याला एक सूचना दिसली. महिन्याच्या मर्यादेपैकी ७५ टक्के डेटा तुम्ही वापरला आहे, अशा अर्थाची.

ही सूचना गूगलने लिहिलेली नव्हती. ती रॉजर्सने, गूगलला न विचारता, गूगलच्या पानात घातली होती. इंटरनेटच्या प्रश्नांवर अनेक वर्षं लिहिणारे अमेरिकेतले लॉरेन वाइनस्टीन यांनी त्या पानाचं चित्र प्रसिद्ध केलं आणि मोठा वाद झाला. कंपनीचं म्हणणं होतं, की ग्राहकांना वेळेवर सावध करण्यासाठी आम्ही ही पद्धत तपासून पाहतोय.

आता तुम्ही म्हणाल, सूचना खरी होती, उपयोगाची होती, फुकट होती. मग बिघडलं कुठे? हा प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तराकडे जायच्या आधी हे होतं कसं, ते बघू.

पोस्टकार्डावरची जादा ओळ

आपण ब्राउझरमध्ये पत्ता टाकतो, तेव्हा दूरच्या कुठल्यातरी सर्व्हरवरून ते पान निघतं. अनेक यंत्रांमधून प्रवास करत ते शेवटी आपल्याला इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या यंत्रांत पोचतं आणि तिथून आपल्या घरी येतं. पत्त्याची सुरुवात नुसत्या 'एचटीटीपी'ने होत असेल, म्हणजे पुढे 'एस' नसेल, तर हे पान पोस्टकार्डासारखं उघडं प्रवास करतं. वाटेतल्या कोणालाही ते वाचता येतं. पेन हातात असेल तर त्यावर लिहिताही येतं.

कंपनी करते ते एवढंच. वाटेत एक यंत्र बसवायचं, ठरावीक ग्राहकाकडे निघालेलं पान थोडं अडवायचं, त्याच्या कोडमध्ये दोन-चार ओळी घालायच्या आणि पान पुढे सोडायचं. आपल्या ब्राउझरला यातलं काही कळत नाही. जे हातात आलं ते सगळं त्याच संकेतस्थळाने पाठवलंय असं समजून तो ते मांडतो. शाई एकच, अक्षर एकच. कोणी काय लिहिलं, हे सांगणारी खूण शिल्लकच राहत नाही.

आपल्याकडचा पेपरवाला आठवा. तो सकाळी पेपरच्या घडीत क्लासची नाहीतर साडीच्या सेलची पत्रकं घालतो. पेपर उघडला की ती खाली पडतात. आपण कधी रागावत नाही, कारण पत्रक वेगळं आणि पेपर वेगळा हे लहान मुलालाही कळतं. पण त्याच पेपरवाल्याने पहाटे बसून पहिल्या पानावरच्या बातमीत, त्याच टायपात, "या महिन्याचं बिल थकलंय" असं छापलं तर? बिल खरंच थकलेलं असेल. तरी आपण म्हणू, अरे बाबा, बिल मागायचं तर बेल वाजव. बातमीत कशाला घुसतोस?

हे फक्त एका कंपनीपुरतं नव्हतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी आपल्या पानातच एक छोटी तपासणी ठेवली होती. निघताना पान जसं होतं तसंच पोचलं का, हे ती बघायची. सुमारे ५० हजार वाचकांपैकी १ टक्क्याहून जास्त जणांकडे पान बदललेल्या रूपात पोचल्याचं दिसलं. काही बदल वाचकाने स्वतःच बसवलेल्या सॉफ्टवेअरने केले होते. पण काही ठिकाणी इंटरनेट पुरवणाऱ्यांनी जाहिराती घातल्या होत्या आणि काही ठिकाणी चक्क घातक प्रोग्रामने कोड घुसवला होता. सूचना ज्या दारातून आत येते, त्याच दारातून जाहिरात येते आणि त्याच दारातून चोरही येतो. दाराला कोण आलं ते कळत नाही.

"मॅडम, शाळेने पैसे मागितलेत का?"

हे सगळं मला पुस्तकातून कळलं असतं तर कदाचित विसरले असते. पण काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेचं एक छोटंसं संकेतस्थळ होतं. वेळापत्रक, सुट्ट्या, परीक्षेच्या तारखा, एवढाच त्याचा पसारा. तेव्हाच्या बहुतेक लहान संकेतस्थळांसारखं तेही साध्या एचटीटीपीवर चालायचं. एका दुपारी एका पालकांचा फोन आला.

"मॅडम, शाळेच्या पानावर लिहिलंय, तुमची मर्यादा संपत आलीय, रिचार्ज करा म्हणून. शाळेने पैसे मागितलेत का? कसली मर्यादा?"

मी माझ्या फोनवर पान उघडलं. तिथे तसं काहीच नव्हतं. त्यांना म्हटलं, तुम्ही फोन घेऊनच या. संध्याकाळी ते आले. बघते तर परीक्षेच्या वेळापत्रकाच्या बरोबर वर एक रंगीत पट्टी आणि तिच्यावर बटण. ती त्यांच्या इंटरनेट कंपनीने घातलेली होती. त्यांचा डेटा खरंच संपत आला होता. म्हणजे सूचना खोटी नव्हती. पण पट्टीवर कंपनीचं नाव एका कोपऱ्यात इतकं बारीक होतं, की चष्म्याशिवाय दिसूच नये. वरती मोठ्या अक्षरात नाव होतं ते आमच्या शाळेचं.

ते गृहस्थ शिकलेले, दुकान चालवणारे. त्यांना वाटलं शाळा पैसे मागतेय, यात त्यांचं काय चुकलं? पान शाळेचं, तर त्यावरचं म्हणणंही शाळेचं, असाच अर्थ कोणीही काढेल. त्या दिवशी मला या प्रश्नाचं गांभीर्य कळलं. कंपनीने नुसती सूचना दिली नव्हती. आमच्या शाळेवर पालकांचा जो विश्वास होता, तो वापरून तिने आपलं म्हणणं पोचवलं होतं. आम्हाला न विचारता.

बंगळुरूची गोष्ट

आपल्या देशात हा विषय गाजला तो जून २०१५ मध्ये. बंगळुरूचा एक प्रोग्रामर एअरटेलच्या थ्रीजीवरून स्वतःचंच संकेतस्थळ पाहत होता. पानाचा कोड उघडून बघितला, तर त्यात त्याने न लिहिलेल्या ओळी! स्वतःच्या वहीत दुसऱ्याचं अक्षर सापडावं, तसं. त्याने तो घुसवलेला कोड सगळ्यांना बघता यावा म्हणून गिटहबवर ठेवला.

एअरटेलने खुलासा केला, की ग्राहकांनी किती डेटा वापरला हे त्यांना कळावं, यासाठीची ही व्यवस्था आहे आणि जगभरच्या कंपन्या अशी व्यवस्था वापरतात. म्हणजे कारण तेच, कॅनडातलं. डेटा मोजायचा आणि सांगायचा. पण दरम्यान, ज्या इस्रायली कंपनीचा तो कोड होता, त्या फ्लॅश नेटवर्क्सने त्या प्रोग्रामरलाच वकिलाची नोटीस पाठवली. आमचा कोड तू परवानगीशिवाय प्रसिद्ध केलास, असा आरोप. गिटहबवरूनही तो मजकूर काढला गेला. या नोटिशीशी आपला काही संबंध नाही, असं एअरटेलने सांगितलं.

यातली गंमत बघा. त्याच्या पानात न विचारता कोड घालणं चाललं. आणि त्याने "माझ्या पानात हे सापडलं" म्हणून दाखवलं, तर परवानगीचा प्रश्न उभा राहिला.

सूचना नकोच का मग?

नाही, असं मी मुळीच म्हणणार नाही. २०२० मध्ये शाळा बंद होत्या, तेव्हाचे दिवस तुम्हीही काढलेत. घरात एक फोन, दोन-तीन मुलं आणि रोजचा एक-दीड जीबी डेटा. मोठीचा गणिताचा तास संपेपर्यंत धाकट्याच्या तासापुरता डेटा उरायचा नाही. त्या काळात "तुमचा ५० टक्के डेटा संपला" हा मेसेज किती आयांनी जीव मुठीत धरून वाचला असेल! पूर्वी घरच्या ब्रॉडबँडलाही महिन्याची मर्यादा असायची आणि ती ओलांडली की बिल बघून डोळे पांढरे व्हायचे. ग्राहकाला आधी कळायलाच हवं. न कळवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

कंपन्यांची अडचणही खरी आहे. ई-मेल लोक उघडत नाहीत. घरच्या वायफायला फोन नंबर नसतो; बिल वडिलांच्या नावावर आणि डेटा वापरणारी मुलगी. अमेरिकेतल्या कॉमकास्टने तर आपली पद्धत लपवली नाही. ब्राउझरमध्ये सूचना कशी दाखवतो, हे तिच्या अभियंत्यांनी फेब्रुवारी २०११ मध्ये 'आरएफसी ६१०८' या क्रमांकाच्या दस्तऐवजात जाहीरपणे मांडलं. ग्राहकाच्या संगणकात घातक प्रोग्राम शिरला असेल तर त्याला कळवणं, हे त्यातलं ठळक उदाहरण होतं. डेटा मर्यादेजवळ पोचलेल्या ग्राहकांनाही कॉमकास्ट ब्राउझरमध्ये सूचना दाखवत असे. निदान आम्ही काय करतो, हे उघड सांगितलं, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

तरीही माझं म्हणणं बदलत नाही. सूचना द्या, पण तुमच्या जागेत द्या. एसएमएस पाठवा, ॲपमध्ये दाखवा, बिलावर छापा, फोन करा. या सगळ्या जागा तुमच्या आहेत, तिथे तुमचं नाव आहे. गूगलचं पान, शाळेचं पान, कुणा लेखकाचं पान ही तुमची जागा नाही. लाल शाईचा शेरा समासात हवा. तो मुलाच्या वाक्यात मिसळला, तर योग्य शेऱ्याचाही घोटाळा होतो.

आणि सवयीचं काय? कुठल्याही पानावर अचानक पट्टी येते, ती खरी असते, तिच्यावर बोट ठेवायचं असतं, हे एकदा अंगवळणी पडलं, की उद्या कोणी भामट्याने तशीच पट्टी बनवली तर आजी-आजोबा काय करतील? खऱ्या सूचनेनेच त्यांना ती सवय लावलेली असेल.

कुलूप लागलं, पण...

सुदैवाने गेल्या काही वर्षांत परिस्थिती पुष्कळ सुधारली, आणि ती मुख्यतः 'एस'मुळे. एचटीटीपीएस म्हणजे पोस्टकार्डाऐवजी बंद लखोटा. वाटेतल्या कंपनीला तो कुठे चाललाय हे साधारण कळतं, पण आतलं वाचता येत नाही आणि त्यात ओळ घालताही येत नाही. घालायचा प्रयत्न केला, तर ब्राउझर धोक्याचा इशारा देतो किंवा पान उघडतच नाही. पूर्वी या लखोट्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राला बहुधा पैसे मोजावे लागत. डिसेंबर २०१५ पासून 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था ते सर्वांना मोफत देऊ लागली आणि छोट्या संकेतस्थळांची मोठी सोय झाली. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर प्रत्येक साध्या एचटीटीपी पानापुढे 'सुरक्षित नाही' असं दाखवू लागला. तुमच्या शाळेचं संकेतस्थळ अजून साध्या एचटीटीपीवर असेल, तर ते चालवणाऱ्याला आजच सांगा. खर्चाची सबब आता चालणार नाही.

पण इथे मुलांना एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण यात मोठ्यांचीही गल्लत होते. कुलपाचं चिन्ह म्हणजे संकेतस्थळ प्रामाणिक आहे, असं नाही. लखोटा वाटेत कोणी फोडला नाही, एवढीच त्याची हमी. लखोट्यात पत्र ठगाने लिहिलेलं असेल, तर ठगाचंच पत्र सुरक्षित पोचेल! लोक कुलूप बघून निर्धास्त होतात, हे गूगलच्याही लक्षात आलं. म्हणून २०२३ मध्ये क्रोमने पत्त्याशेजारचं ते कुलूप काढून तिथे वेगळं चिन्ह आणलं. म्हणजे "हे कोणी लिहिलंय?" हा प्रश्न शेवटी यंत्रावर सोडून भागत नाही. तो आपणच विचारायचा.

वर्गात करून पाहा

यासाठी संगणक लागत नाही. मी आठवीच्या वर्गात करते तो उपक्रम सांगते. उन्हाळ्यात घ्यायच्या काळजीबद्दल दहा वाक्यांचा एक उतारा घ्यायचा. त्यात त्याच अक्षरात आपलं एक वाक्य घालायचं. मी घातलं होतं, "बाहेरून आल्यावर हातपाय धुवावेत." प्रती वाटायच्या आणि सांगायचं, यातलं एक वाक्य मूळ लेखकाचं नाही, ओळखा.

मुलं लगेच चुकीचं वाक्य शोधायला लागली. कोणी उन्हाच्या वेळेवर शंका घेतली, कोणी ताकावर. चुकीचं वाक्य सापडेना, तेव्हा वैतागली. शेवटी मी वाक्य सांगितलं, तर सगळ्यांचा एकच गलका, "पण ते तर बरोबर आहे!"

"हो," म्हटलं, "बरोबरच आहे. पण लेखकाने लिहिलेलं नाही."

मग फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. तुम्हीही घरी फ्रिजवर चिकटवू शकता.

१. हे कोणी लिहिलंय? पान ज्याचं आहे त्यानेच, की दुसऱ्या कोणी?
२. हे मला काय करायला सांगतंय? वाचायला, की दाबायला, की पैसे भरायला?
३. हे खरं आहे का, ते मी दुसऱ्या वाटेने तपासू शकतो का?

तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. डेटा संपत आल्याची पट्टी दिसली, तर पट्टीवर बोट ठेवायचंच नाही. स्वतः कंपनीचं ॲप उघडायचं किंवा नेहमीच्या नंबरवर फोन करून विचारायचं. सूचना खरी असेल तर तिथेही तेच दिसेल. खोटी असेल तर आपण वाचलो. दोन्हीकडून फायदाच.

तास संपत आला तेव्हा एका मुलीने हात वर केला. "बाई, वाक्य जर चांगलंच आहे, तर ते कोणी घातलं याने काय फरक पडतो?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "आणि पुढचं वाक्य पण त्यानेच घातलं तर?"

मी खडू ठेवून दिला. माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नव्हतं.